नव्या टायरचे नऊ दिवस

मोटरसायकलला नवे टायर बसवून गॅरेजमधून निघताना मेकॅनिक हमखास एक सूचना करतो, "पहिले शंभर-दीडशे किलोमीटर जरा जपून हाणा." गिऱ्हाईक मान डोलावतं, पण मनातून बुचकळ्यात पडतं. जुना टायर झिजला, घसरू लागला, म्हणून तर खिशाला चाट लावून नवा घातला; आणि आता हे म्हणतात, हाच घसरेल! नवी कोल्हापुरी चावते हे आपल्याला ठाऊक असतं. पण नवा टायर घसरतो, हे सहजासहजी पटत नाही.

मेकॅनिकचं म्हणणं बरोबर आहे. अनेक टायर कंपन्याही पहिले 100 मैल, म्हणजे साधारण 160 किलोमीटर, सबुरीनं चालवायला सांगतात. मात्र 'नवा' आणि 'थंड' टायर धोक्याचा का, हे नीट कळायला माणसाला शंभराहून अधिक वर्षं लागली. त्या काळात टायरच्या पकडीबद्दलची समजूत एकदा पूर्ण उलटी झाली. आज आपण पाळतो त्यातल्या काही सवयी त्या जुन्या समजुतीच्या आहेत, काही नव्या, आणि काही नुसत्या टीव्हीवरच्या शर्यती पाहून उचललेल्या.

साच्यातली तकाकी

कच्चं रबर उन्हाळ्यात चिकट होतं आणि थंडीत कडक होऊन तडकतं. 1839 साली अमेरिकेत चार्ल्स गुडइयरला आढळलं, की रबरात गंधक मिसळून ते तापवलं, तर ते दोन्ही ऋतूंत लवचीक राहतं. या प्रक्रियेचं, व्हल्कनायझेशनचं, पेटंट त्याला 1844 मध्ये मिळालं. त्यानंतरचा प्रत्येक टायर हा शिजवलेला टायर आहे. कच्च्या रबराचे आणि कापडाचे थर चढवायचे, ते पोलादी साच्यात ठेवायचे, दाब द्यायचा आणि दीडशे अंशांच्या आसपास किंवा त्याहून अधिक तापवायचे. साच्यातून बाहेर येतो तेव्हा टायरच्या अंगावर साच्याच्या आतल्या भिंतीचा गुळगुळीतपणा जसाच्या तसा उमटलेला असतो.

नव्या टायरची जी तकाकी आपण कौतुकानं पाहतो, ती हीच. रबर साच्याला चिकटू नये म्हणून पूर्वी साच्यात सर्रास सिलिकॉनसारखे निसरडे लेप लावत. आता त्यांचा वापर बराच कमी झाला आहे. पण लेप नसला तरी वरचा थर गुळगुळीतच असतो. शिवाय हवेतल्या ओझोननं रबराला चिरा पडू नयेत म्हणून मिश्रणात मेण घातलेलं असतं, ते हळूहळू पृष्ठभागावर येतं. रस्त्यावर घासून हा पापुद्रा गेला, की खालचं खरखरीत रबर डांबराला भिडतं. 'टायर मोडणं' म्हणतात त्याचा पहिला अर्थ एवढाच.

दुसरा अर्थ रिमशी निगडित आहे. टायर चढवताना त्याच्या कडांना साबणाचं पाणी किंवा तसलंच काही लावतात. ते पुरतं वाळण्याआधी जोरात ब्रेक दाबला किंवा ॲक्सिलरेटर पिळला, तर टायर रिमवरच फिरू शकतो. तिसरा अर्थ टायरच्या आतल्या थरांचा. पहिल्या काही वेळा तापून निवताना ते एकमेकांशी जुळवून घेतात. चौथा अर्थ चालवणाऱ्याचा. झिजून मधोमध सपाट झालेल्या टायरवर हाताला जी सवय लागलेली असते, ती नव्या गोल टायरवर चालत नाही. गाडी अपेक्षेपेक्षा पटकन कलते आणि नवखा माणूस दचकतो.

पकड म्हणजे दात?

सुरुवातीला हा प्रश्नच नव्हता, कारण रबरच नव्हतं. 1885 मध्ये डाइमलर आणि मायबाख यांनी बनवलेल्या पहिल्या पेट्रोल दुचाकीला लाकडी चाकं आणि त्यांवर लोखंडी धावा होत्या, आपल्या बैलगाडीसारख्या. 1888 मध्ये बेलफास्टमधल्या जॉन बॉइड डनलप या जनावरांच्या डॉक्टरनं हवा भरलेल्या टायरचं पेटंट घेतलं. मुलाच्या तीनचाकी सायकलचे हादरे कमी करणं हा त्याचा हेतू होता. टायर जन्मला तो आरामासाठी. पकडीचा विचार त्यात नव्हता.

पुढच्या वीस वर्षांत इंजिनं बळावली, आणि ओल्या दगडी रस्त्यांवर गाड्या आडव्या घसरू लागल्या. त्यावरचा उपाय लोहाराच्या बुद्धीचा होता. टायरवर चामड्याचा पट्टा चढवायचा आणि त्यात पोलादी खिळे ठोकायचे. 1905 मध्ये मिशलँनं असा खिळ्यांचा टायर बाजारात आणला. 1908 मध्ये फायरस्टोननं रबरातच उंचवटे काढले. गंमत म्हणजे ती नक्षी 'फायरस्टोन नॉन स्किड' याच शब्दांची होती. टायर चालला की चिखलात जाहिरात उमटे. त्याच सुमारास लंडनजवळच्या सिल्व्हरटाउनमध्ये रबरात काजळी मिसळली की ते कितीतरी चिवट होतं, हे लक्षात आलं आणि पांढुरके टायर काळे होत गेले.

या सगळ्यामागची समजूत एकच : पकड म्हणजे दात. टायर रस्त्याला चावतो. ही समजूत अजून जिवंत आहे. टायर विकत घेताना आपण नक्षी खोल आहे ना, हेच पाहतो. नक्षी आवश्यक आहेच, पण ती पाणी बाजूला सारण्यासाठी. कोरड्या डांबरावर पकड देते ती नक्षीच्या खाचा नव्हे, त्या खाचांमधलं रबर.

वाया जाणारी ऊर्जा

उलथापालथ झाली ती 1950च्या दशकात, केंब्रिजच्या प्रयोगशाळेत. डेव्हिड टेबर घर्षणाचा अभ्यास करत होता. साबणानं बुळबुळीत केलेल्या रबरावरून कडक गोळी सरकवली, तर चिकटण्याचा प्रश्नच उरत नाही. तरीही विरोध होतोच. का? गोळीखाली रबर दबतं, मागे पुन्हा वर येतं. पण दबताना घेतलेली सगळी ऊर्जा ते परत देत नाही. काही भाग उष्णता होऊन जातो. या तोट्याला हिस्टेरिसिस म्हणतात. ग्रीनवुड आणि टेबर यांचा याविषयीचा निबंध 1958 मध्ये प्रसिद्ध झाला.

त्यातून निघणारा निष्कर्ष व्यवहारी माणसाला उलटा वाटेल असा होता. चेंडूसारखं टणाटण उसळणारं रबर टायरला चांगलं नाही. आळशी, मेलेलं, ऊर्जा गिळणारं रबर ओल्या रस्त्यावर अधिक घट्ट धरतं. रस्त्यावरचा प्रत्येक खडा अशा रबरात रुततो, आणि रबर सावकाश सावरत असल्यामुळे खड्याच्या मागच्या बाजूला त्याला पुढे ढकलत नाही. पकड म्हणजे दात नव्हेत; पकड म्हणजे तोटा. 1960च्या दशकात ब्रिटिश कंपन्यांनी मोटरसायकल शर्यतींसाठी असं रबर वापरायला सुरुवात केली.

1963 मध्ये के. ए. ग्रोश यानं पुढचा दुवा जोडला. त्यानं वेगवेगळ्या तापमानांना आणि वेगांना रबर घासून पाहिलं. घर्षण एका मर्यादेपर्यंत चढतं आणि मग उतरतं. फार थंड रबर काचेच्या बाजूला झुकतं. खड्यांभोवती वाकायला त्याला फुरसतच मिळत नाही. फार तापलेलं रबर इतकं सैल होतं की धरून ठेवू शकत नाही. या दोहोंच्या मधे एक पट्टा असतो. टायर तापवण्याची सगळी धडपड त्या पट्ट्यात शिरण्यासाठी.

तापलेल्या शर्यती

1970च्या दशकाच्या मध्यास मोटरसायकल शर्यतींत नक्षी नसलेले, साफ गुळगुळीत टायर आले. टेबरचा धडा त्यांनी शेवटाला नेला : खाचा काढून टाका, तेवढंच रबर अधिक टेकेल. पण या रबराचा पट्टा बराच वर होता. खाली राहिलं तर घसरगुंडी, आणि वर गेलं तर त्याहून वाईट. मार्च 1975 मध्ये डेटोनाला सराव करताना ब्रिटिश खेळाडू बॅरी शीनचा मागचा टायर ताशी 280 किलोमीटरच्या आसपास वेग असताना फाटला. मांडी, हात आणि इतर अनेक हाडं मोडली. तो वाचला आणि पुढच्याच वर्षी जगज्जेता झाला.

तोवर एक रिवाज रुळला होता. कोरा टायर शर्यतीत घालायचा नाही. सरावात दोन-चार फेऱ्या मारून, पापुद्रा काढून, मग राखून ठेवायचा. 1980च्या दशकात विजेची उबदार गोधडी आली. शर्यतीआधी ती टायरभोवती गुंडाळून त्यांना 80-90 अंशांपर्यंत तापवून ठेवतात.

मात्र गोधडी सुरुवातीपुरतीच. जर्मनीतल्या झाक्सेनरिंगला 13 वळणं आहेत, त्यांपैकी 10 डावी. डावीकडे कलत-कलत खेळाडू अकराव्या वळणाला येतात. ते उजवं आणि उताराचं. तोवर टायरची उजवी बाजू बराच वेळ हवेतच असते आणि निवलेली असते. जगातले उत्तमोत्तम खेळाडू तिथे आपटले आहेत. म्हणून आता एकाच टायरच्या डाव्या-उजव्या अंगाला वेगवेगळं रबर वापरतात. मोटरसायकलचा टायर 'एक' नसतोच. मध्य, डावी कड आणि उजवी कड हे तीन टायर आहेत. त्यांतला एक तापला म्हणून दुसरा तापत नाही.

आपल्या रस्त्यांवर

ही गोष्ट आपल्याला थेट लागू पडते. नवा टायर घालून पुण्याहून साताऱ्याकडे निघालात, तर महामार्ग बहुतेक सरळ. किलोमीटरचा आकडा वाढत जातो, पण घासला गेलेला असतो फक्त मधला पट्टा. मग खंबाटकीचा घाट येतो आणि टायरच्या कडा आयुष्यात पहिल्यांदा रस्त्याला टेकतात, त्याही वळणावर. किलोमीटर मोजण्यापेक्षा गाडी किती कलली, ते महत्त्वाचं. कोरड्या, स्वच्छ, ओळखीच्या रस्त्यावर थोडी-थोडी कलवत गेलात, तर पापुद्रा कडेपर्यंत निघतो. पृष्ठभाग तुकतुकीत न राहता मंद, राखाडी दिसू लागला की समजायचं.

शर्यतीतली नक्कल इथे उपयोगाची नाही. सिग्नल सुटल्यावर गाडी डावी-उजवी झुलवत नेणारी पोरं आपण पाहतो. मोटरगाडीला चार चाकं असतात; मोटरसायकलवर त्या झुलण्याचा आडवा ताण नेमका थंड कडांवर पडतो. टायर तापतो तो वजनाखाली त्याचं अंग दबून-उलगडून. त्यासाठी सरळ रस्त्यावर बेतानं वेग घेणं आणि बेतानं ब्रेक लावणं अधिक कामाचं. आणि तो रोजच्या वापराचाच टायर असला, तर दहा-पंधरा मिनिटं शांतपणे चालवणं पुरतं. 1990च्या दशकापासून रबरात काजळीबरोबर सिलिका मिसळू लागले. त्यामुळे रस्त्यावरचे टायर थंड आणि ओल्या स्थितीतही बरंच धरतात. उलट शर्यतीचा टायर हौसेनं रोजच्या गाडीला लावला, तर तो आपल्या पट्ट्यापर्यंत पोचतच नाही. दिसायला तो जास्त चांगला असतो, कामाला कमी.

काही गोष्टी मात्र टाळायलाच हव्यात. पापुद्रा काढायला पेट्रोलनं टायर पुसू नये, रबर बिघडतं. सर्व्हिसिंगनंतर टायर चमकवायला फवारतात ते पॉलिश मोटरसायकलच्या टायरला लावूच देऊ नये. साच्यातून जो निसरडेपणा आला होता, तोच आपण पैसे देऊन परत आणतो. टायर लवकर तापावा म्हणून हवा कमी ठेवू नये. कंपनीनं दिलेला दाब हा थंड टायरचा असतो, आणि तापल्यावर तो चढणार हे त्यात धरलेलं असतं.

आपल्याकडे टायर बदलायची आठवण होते ती पहिला पाऊस पडल्यावर. तेव्हा तीन गोष्टी एकत्र येतात. रस्त्यावरचं उन्हाळाभराचं तेल पाण्यावर तरंगू लागलेलं असतं, टायरचा पापुद्रा शाबूत असतो, आणि रस्त्यावरचं पाणी टायरची उष्णता सतत काढून घेत असतं. जपून चालवण्याचे दिवस अशा वेळी मोजायला लागतात, हा सगळ्यात वाईट मुहूर्त. नवे टायर मे महिन्यातच घालावेत. मग त्यांचे नऊ दिवस कोरड्या रस्त्यावर सरतात, आणि मिरगाच्या पहिल्या सरीला आपल्या हाताखाली असतो तो नवा नव्हे, रुळलेला टायर.