न्यूजग्रुप

‘यूजनेट’ या संगणकीय चर्चांच्या जाळ्यातील एकेका विषयाचा गट. १९७९ साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाचे विद्यार्थी टॉम ट्रस्कॉट व जिम एलिस यांनी ‘यूजनेट’ची कल्पना मांडली. त्याला मध्यवर्ती संगणक नाही. एका सर्व्हरवर टाकलेला मजकूर शेजारच्या सर्व्हरकडे, तिथून पुढच्याकडे जातो. त्यामुळे बहुतेक गटांना मालक नव्हता आणि आवरणाराही नव्हता. मराठी मंडळींसाठी ‘सॉक.कल्चर.इंडियन.मराठी’ हा गट होता.

भांडणाची सोय उत्तर देण्याच्या पद्धतीतच होती. समोरच्याची ओळ कोनी खुणेसह उतरवायची आणि तिच्याखाली आपले खंडन लिहायचे. मूळ मुद्दा बाजूला राहून शब्दन्‌शब्द सोलला जाई. चेहरा नाही, आवाज नाही, म्हणून थट्टाही शिवीसारखी लागे. एकच मजकूर दोन विरोधी गटांत टाकून मजा बघणारेही होतेच. वाद लांबला की हिटलरची उपमा येणारच, हा माइक गॉडविन यांचा १९९० सालचा नियम अजून लागू पडतो.

पुढे चर्चा समाजमाध्यमांवर गेल्या आणि खऱ्या नावाने होऊ लागल्या. नोव्हेंबर २०१२ मध्ये, बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या मुंबई बंदवर फेसबुकवर लिहिणारी पालघरची तरुणी आणि ते ‘लाइक’ करणारी तिची मैत्रीण यांना अटक झाली. जमावाने पहिलीच्या काकांच्या दवाखान्याची तोडफोड केली. पालघरसारख्या लहान ठिकाणी लिहिणाऱ्याचे घर शोधावे लागत नाही. या प्रकरणात लावलेले माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. यूजनेट आजही चालू आहे. गूगल ग्रुप्सने मात्र फेब्रुवारी २०२४ पासून त्यातील नवा मजकूर घेणे थांबवले.