शल्यचिकित्सा आणि कर्करोग संशोधन : डॉ. राजेंद्र बडवे यांच्या कार्याचा आढावा

प्रास्ताविक

मराठीतील ‘कर्करोग’, अरबी-उर्दूतील ‘सरतान’ आणि ग्रीकमधील ‘कार्किनोस’ या तिन्ही शब्दांच्या मुळाशी एकच प्राणी आहे : खेकडा. हरमलच्या किनाऱ्यावर त्याला कुर्ली म्हणतात. तिची पकड कशी असते हे तेथील वाचकाला वेगळे सांगावे लागत नाही. या रोगाशी वैद्यांचा झगडा प्राचीन आहे. मात्र केलेल्या उपचाराचा खरोखर उपयोग झाला का, हे मोजून पाहण्याची परंपरा बरीच अलीकडची आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल केंद्रातील शल्यचिकित्सक डॉ. राजेंद्र बडवे यांनी ही परंपरा आपल्या देशात कशी पुढे नेली, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

पूर्वपीठिका

कुर्तुब्याजवळ राहणारे अबुल कासिम अल-जहरावी (मृत्यू इ. स. १०१३) यांनी ‘किताब अल-तसरीफ’ हा तीस भागांचा ग्रंथ लिहिला. त्याचा अखेरचा भाग शल्यकर्मावर आहे. गाठ लहान आणि हाताशी येणारी असेल तर ती कापून काढावी, जुनी आणि मोठी असेल तर तिच्या वाटेस जाऊ नये, असे त्यांनी त्यात म्हटले आहे. शिवाय, असा जुना रुग्ण आपल्या हातून बरा झाला नाही आणि दुसऱ्या कोणाच्या हातून झाल्याचेही ऐकिवात नाही, अशी कबुली त्यांनी दिली आहे. स्वतःचे अपयश ग्रंथात नोंदविण्याची ही वृत्ती संशोधनाचा पाया होय.

भारतात या वृत्तीला संस्थेचे रूप मिळाले ते परळ येथे. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. तेथील प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी सांभाळली. पुढे १९५२ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभे राहिले. गोमंतकीय शल्यविशारद डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांनी याच रुग्णालयात आयुष्य वेचले. रुग्णालयासमोरील रस्ता आज त्यांच्या नावाने ओळखला जातो. १९६६ मध्ये रुग्णालय आणि संशोधन केंद्र एकत्र येऊन टाटा मेमोरियल केंद्र झाले. शस्त्रक्रियागृह आणि प्रयोगशाळा एका छत्राखाली आली. डॉ. बडवे यांचे कार्य याच भूमीत रुजले.

शस्त्रक्रियेची वेळ

१९९१ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात डॉ. बडवे व त्यांच्या सहकाऱ्यांचा लेख प्रसिद्ध झाला. लंडनच्या गायज रुग्णालयात स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या, पाळी चालू असलेल्या २४९ स्त्रियांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. पाळी सुरू झाल्यापासून ३ ते १२ दिवसांच्या काळात शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ५४ टक्के स्त्रिया दहा वर्षे जगल्या. इतर दिवसांत शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये हे प्रमाण ८४ टक्के होते. इतर देशांतील अभ्यासांनी मात्र उलटसुलट निष्कर्ष दिले.

जुन्या नोंदींवरून वाद मिटणार नव्हता. मुंबईत सुमारे एक हजार स्त्रियांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी करून चाचणी घेण्यात आली. एका गटाला शस्त्रक्रियेपूर्वी प्रोजेस्टेरॉनचे एक इंजेक्शन दिले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात एकूण गटात निर्णायक फरक दिसला नाही. काखेतील गाठींपर्यंत रोग पोहोचलेल्या स्त्रियांत मात्र पाच वर्षे रोगमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण ५४.७ ऐवजी ६५.३ टक्के आढळले.

‘नाही’ हे उत्तर

रोग शरीरभर पसरल्यावर मूळची गाठ काढून उपयोग होतो का, हा प्रश्न जगभरच्या शल्यचिकित्सकांपुढे होता. जुन्या नोंदी ‘होतो’ असे सुचवीत होत्या. परंतु त्या नोंदींत शस्त्रक्रियेसाठी निवडलेल्या स्त्रियाच मुळात अधिक सशक्त असण्याचा संभव होता. २००५ ते २०१३ या काळात औषधोपचाराला प्रतिसाद दिलेल्या ३५० स्त्रियांवर चाचणी झाली. शस्त्रक्रिया केलेल्या गटाचे मध्यमान आयुष्य १९.२ महिने, तर न केलेल्या गटाचे २०.५ महिने निघाले. हा निकाल २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रिया हाच ज्यांचा व्यवसाय, त्यांनीच येथे सरसकट शस्त्रक्रिया करू नये असे सांगितले, ही बाब महत्त्वाची आहे. त्यामुळे कितीतरी स्त्रियांचा खर्च, वेदना आणि उरलेल्या आयुष्यातील दिवस वाचू शकतात.

स्वस्त औषधांचा प्रश्न

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी अधिक बोलकी आहे. अकरा केंद्रांतील १,६०० स्त्रियांपैकी निम्म्यांना, गाठ काढण्यापूर्वी सात ते दहा मिनिटे, गाठीभोवती लिग्नोकेनचे इंजेक्शन दिले. दात काढताना भूल देण्यासाठी वापरले जाते तेच हे औषध. गाठीला हात लागताना पेशी निसटून पसरू नयेत, हा त्यामागील विचार. पाच वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्के झाले. अशा जुन्या औषधावर कोणाही कंपनीचा एकाधिकार नसतो, म्हणून त्याची चाचणी घेण्यास कंपन्या उत्सुक नसतात. सार्वजनिक संस्थेने संशोधन का करावे, याचे उत्तर येथे मिळते.

ज्या चाचण्यांत डॉ. बडवे सहभागी होते, त्या मुंबईच्या वस्त्यांतील तपासणी प्रकल्पांचेही सूत्र हेच होते. १९९८ पासून सुमारे दीड लाख स्त्रियांचा त्यांत समावेश झाला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी ॲसेटिक आम्ल, म्हणजे सिरक्यातील मुख्य घटक, वापरून केलेल्या तपासणीमुळे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. तुलनेसाठीच्या गटाला ही तपासणी न दिल्याबद्दल नैतिक आक्षेपही घेतले गेले. संशोधनाच्या इतिहासात त्या आक्षेपांची नोंद राहिली पाहिजे.

समारोप

डॉ. बडवे यांना २०१३ मध्ये पद्मश्री मिळाली. २०२३ पर्यंत ते टाटा मेमोरियल केंद्राचे संचालक होते. या सन्मानांहून मोलाची आहे ती त्यांची पद्धत : प्रश्न रुग्णाच्या खाटेजवळ शोधायचा, उत्तर मोजून मिळवायचे आणि ते आपल्या मताविरुद्ध गेले तरी छापायचे. लिग्नोकेनचा निकाल अन्यत्र पुन्हा पडताळला जाणे अर्थातच आवश्यक आहे, आणि तो अपेक्षितही याच पद्धतीत आहे. हरमलहून पेडणे, म्हापसा, बांबोळी असा उपचारांचा मार्ग धरणाऱ्या स्त्रीला महागडे औषध परवडेलच असे नाही. सिरक्याची तपासणी आणि भुलीचे इंजेक्शन मात्र तिच्या आवाक्यात आहे. महाविद्यालयीन अध्यापकांनी विज्ञानाच्या वा इतिहासाच्या वर्गात अल-जहरावींच्या कबुलीशेजारी २०१५ चा ‘नाही’ हा निकाल ठेवून शिकवावा. सुमारे हजार वर्षांचे अंतर असूनही, ज्ञान प्रामाणिक नोंदीतूनच वाढते, हे विद्यार्थ्यांना त्यातून नेमके उमगेल.