मिस्त्रीची मूठ

लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते. त्यांच्या नावाचा एक रस्ता मुंबईत, एक आपल्या हुबळीत. मुंबईचा रस्ता पुढे संगणकांच्या बाजारपेठेमुळे प्रसिद्धीस आला. हुबळीच्या लॅमिंग्टन रोडवरून जाताना मला मात्र १९०३ सालचे बेळगाव आठवते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी तिथे लोखंडी नांगर बनवला तो याच साली. १९१० साली त्यांचा कारखाना किर्लोस्करवाडीला गेला. पण बेळगाव, कोल्हापूर, हुबळी या पट्ट्यातले ओतकाम काही थांबले नाही.

ही विद्या कारागिराच्या मुठीत असते. साच्याची वाळू मुठीत दाबून मोडली की ओल कळते. कोणी तिला माती म्हणेल, कोणी मरळु, मूठ तीच. धातू थिजताना आकसतो, जाड भाग शेवटी थिजतो आणि तिथे पोकळी राहते. तिथे रस पुरवणारा रायझर कुठे बसवायचा, हे जुना मिस्त्री नजरेने सांगे.

थिजण्याचा वेळ घनफळ आणि पृष्ठफळ यांच्या गुणोत्तराच्या वर्गावर ठरतो, हे ख्वोरिनॉव्ह यांनी १९४० साली मांडले. असा हिशेब पुढे संगणकावर आला. मुंबई आयआयटीत प्रा. बी. रवी यांनी विकसित केलेल्या ‘ऑटोकास्ट’सारख्या सॉफ्टवेअरमुळे रस ओतण्यापूर्वीच दोषाची जागा पडद्यावर दिसते. वाया जाणारे ओतीव वाचते.

पण यात मिस्त्री कुठे आहे? अमेरिकेत १९४६-४७ च्या सुमारास जनरल इलेक्ट्रिकच्या अभियंत्यांनी कुशल कारागिराच्या हालचाली फितीवर टिपून त्यावर यंत्र चालवले होते. पुढे १९५२ साली एमआयटीने आकड्यांवर चालणारे यंत्र दाखवले आणि जगाने तोच मार्ग धरला. त्यात हात गळाला, नकाशा उरला.

सॉफ्टवेअर आकार जाणते. आज वाळूत पाणी कमी का घातले, हे त्याला कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही. म्हणून निवृत्तीला आलेल्या मिस्त्रीशेजारी कोणीतरी वही घेऊन बसावे. तो मराठीत सांगो वा कन्नडात, त्याच्याच शब्दांत उतरून घ्यावे. मग ते खुशाल संगणकात घालावे, आणि खाली त्याचे नाव लिहावे.