होशंगाबादचे विज्ञान
किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी १९७२ मध्ये मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १६ शाळांत नवे विज्ञानशिक्षण सुरू केले. सहावी ते आठवीची मुले शेताशिवारात जाऊन पाने, माती, किडे गोळा करत आणि निरीक्षणे वहीत नोंदवत. तयार उत्तर पुस्तकात नसे. ते प्रयोगातूनच काढावे लागे. परीक्षेतही पुस्तक उघडण्याची मुभा होती, आणि हेच या कार्यक्रमाचे खरे धाडस. १९७८ मध्ये तो जिल्हाभर पोहोचला. त्याच वर्षी पुण्याच्या टेल्को कंपनीतून रजा घेऊन आलेले अभियंते अरविंद गुप्ता येथे काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबपासून आकृत्या बनवू लागले. १९८२ पासून एकलव्य संस्थेने कार्यक्रमाची धुरा सांभाळली. २००२ मध्ये राज्य सरकारने कार्यक्रम बंद केला.