परतीची वाट

स्थलांतराचा इतिहास लिहिताना आपण बहुधा येणाऱ्याकडे पाहतो. परतू इच्छिणाऱ्याकडे आपली दृष्टी क्वचितच वळते. बंगळूरही याला अपवाद नाही. १६३८ मध्ये विजापूरच्या सैन्याने हे नगर जिंकल्यावर ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले आणि त्यांच्यामागून मराठी माणसेही आली. राजांचे नाव इतिहासात राहिले. त्या सामान्यांची नावे फारशी उरली नाहीत.

हीच विषमता होसूर रस्त्यावरील इलेक्ट्रॉनिक सिटीच्या घडणीतही आढळते. आर. के. बाळिगा यांच्या पुढाकाराने कर्नाटक शासनाच्या कियोनिक्स या महामंडळाने १९७८ मध्ये कोनप्पन अग्रहार व दोड्डतोगूर या गावांच्या ३३२ एकर जमिनीवर ही वसाहत वसविली. पुण्यात १९८१ मध्ये स्थापन झालेल्या इन्फोसिसने १९९४ मध्ये आपले मुख्यालय येथे आणले. अभियंत्यांबरोबर गवंडी, पहारेकरी, सफाई कामगारही दूरच्या राज्यांतून आले. अभियंत्याचे येणे प्रगतीचे लक्षण ठरले; गवंड्याचे येणे हा केवळ मजूरपुरवठा मानला गेला.

वस्तुतः १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात, कंत्राटदाराने परराज्यात नेलेल्या मजुरास जाण्याचा आणि परतीचा प्रवासखर्च देण्याची तरतूद होती. परतणे हा हक्क आहे, हे तत्त्व तीत अनुस्यूत होते. प्रत्यक्षात काय घडले? ऑगस्ट २०१२ मध्ये अफवांनी भयभीत झालेले ईशान्य भारतातील हजारो लोक बंगळूर सोडून गुवाहाटीच्या गाड्यांत बसले. मे २०२० मध्ये टाळेबंदीने रोजगार गमावलेले बांधकाम मजूर गावी जाण्यास आतुर असताना, मुख्यमंत्र्यांची बांधकाम व्यावसायिकांशी चर्चा झाली आणि त्यानंतर राज्य शासनाने विशेष रेल्वेगाड्यांची मागणी मागे घेतली. चोहोकडून टीका झाल्यावर काही दिवसांतच हा निर्णय फिरवावा लागला.

पहिल्या प्रसंगी राहणे निर्भय नव्हते, दुसऱ्या प्रसंगी जाणे मुक्त नव्हते. राज्यघटनेच्या एकोणिसाव्या अनुच्छेदाने मात्र नागरिकाला देशभर संचाराचे आणि वास्तव्याचे अशी दोन्ही स्वातंत्र्ये दिली आहेत. त्यांतील एक जरी हिरावले, तरी स्थलांतरित हा नागरिक न राहता केवळ उपयोगाची वस्तू होतो.

ऑगस्ट २०२५ मध्ये मेट्रो इलेक्ट्रॉनिक सिटीपर्यंत पोहोचली आणि तेथे येण्याची वाट सुकर झाली. ती वाट बांधणाऱ्यांना परतीचा मार्गही तितकाच मोकळा आहे काय, हा प्रश्न इतिहासकाराने विचारीत राहिले पाहिजे.