अतिजलद कॅमेऱ्यातील प्रतिमादोष

सेकंदाला शेकडो ते हजारो चित्रचौकटी टिपणाऱ्या कॅमेऱ्यास अतिजलद कॅमेरा म्हणतात. त्याच्या चित्रणात पुढील दोष आढळतात.

अंधार: सेकंदाला १,००० चौकटी घेताना प्रत्येक चौकटीस जास्तीत जास्त १/१००० सेकंद प्रकाश मिळतो, म्हणून प्रखर दिवे लागतात.

लुकलुक: भारतातील ५० हर्ट्झ विजेवरील अनेक दिव्यांचा प्रकाश सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. डोळ्यांना न जाणवणारा हा बदल चित्रणात उमटतो. स्थिर एकदिश प्रवाहावरील दिवे किंवा सूर्यप्रकाश हा त्यावरील उपाय होय.

पुसटपणा: केवळ चौकटी वाढवून तो जात नाही, प्रकाशनकाल घटवावा लागतो.

ठिपके व रेषा: संवेदकातील बिंदूंच्या असमान प्रतिसादामुळे त्या उमटतात. कॅमेऱ्याचे तापमान स्थिरावल्यावर भिंग झाकून काळ्या पातळीची नोंद पुन्हा घेतात.

स्फोट वा काच फुटणे यांसारखी घटना त्याच नमुन्यावर पुन्हा टिपता येत नाही. म्हणून चाचणी चित्रण आधीच करतात.