हैडा ग्वाईचा किनारा

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडे हैडा ग्वाई हा द्वीपसमूह आहे. २०१० पर्यंत नकाशांत त्याला क्वीन शार्लट बेटे म्हणत. त्याच्या दक्षिण भागात रस्ता मुळी नाहीच. जायचे तर होडीने, नाहीतर पाण्यावर उतरणाऱ्या सी-प्लेनने. खिडकीशी बसलेल्या प्रवाशाला खाली घनदाट अरण्य आणि फेसाळता किनारा दिसतो, आणि येथे माणसाचा हात लागलेला नाही, असे त्याला वाटते. हे वाटणे साफ चुकीचे आहे.

१८६२ साली देवीची साथ उत्तरेकडे पसरली. हैडा लोकांची गावेच्या गावे ओस पडली. हजारोंची वस्ती विसाव्या शतकाच्या आरंभी सुमारे ६०० वर आली. तेव्हा खाली दिसते ती शांतता निसर्गाने दिलेली नव्हे.

मागून भांडवल आले. दक्षिण टोकाला रोझ हार्बर येथे १९१० ते १९४३ देवमासे कापण्याचा कारखाना चालला. चरबीच्या त्या दुर्गंधीत चिनी आणि जपानी कामगार राबले. १९४२ मध्ये सरकारने जपानी वंशाच्या लोकांना किनाऱ्यावरून हुसकले. इतक्या वर्षांच्या घामाची हीच किंमत! जंगलातील सिटका स्प्रूसचे लाकूड हलके, सरळ धाग्याचे आणि चिवट. पहिल्या महायुद्धात विमानांसाठी ते तोडले गेले, दुसऱ्यातही. म्हणजे आज ज्या रानावरून विमान फिरते, त्याच रानाने विमानांना पंख पुरविले. दुसऱ्या युद्धात ॲलिफर्ड बे येथे उडत्या नौकांचा लष्करी तळही होता.

पुढे लायेल बेटावर तोड वाढली. नोव्हेंबर १९८५ मध्ये हैडा लोक रस्ता अडवून बसले. ७२ जणांना अटक झाली. पहिल्यांदा तिघे वृद्ध पुढे झाले, आणि त्यांना अटक करायला आलेला शिपाई स्वतः हैडा होता. पलीकडे लाकूडतोडे उभे होते, त्यांच्याही पोटाचा प्रश्न होता. आम्हां चळवळीतल्या माणसांना ही जागा ओळखीची आहे: दोन गरीब समोरासमोर, आणि लाकडाचा धनी कुठे दूर कचेरीत. कुऱ्हाडवाल्याला शत्रू ठरविणे सोपे असते, म्हणूनच मला ते मान्य नाही. पण झाड एकदा पडल्यावर त्याच्याही मुलाला तेथे काम उरणार नव्हते.

१९८७ मध्ये तोड थांबविण्याचा करार झाला. १९९३ च्या करारात कॅनडा सरकार व हैडा राष्ट्र यांनी, जमिनीच्या मालकीचा वाद कायम ठेवून, कारभार मात्र मिळून करण्याचे मान्य केले. स्गांग ग्वाई या जुन्या गावात कोरीव देवदाराचे खांब अजून उभे आहेत. तेथे उन्हाळ्यात हैडा पहारेकरी राहतात. एका वेळी बारापेक्षा अधिक पाहुण्यांना ते गावात पाऊल ठेवू देत नाहीत.